वास ओव्याचा, झुडूप कशाचं?

प्रश्न : तुळजापूर रस्त्याला आमच्या शेताच्या बांधावर एक झुडूप माजलंय. पाला चुरगळला की ओवा आणि पुदिन्याचा वास येतो. खोड चौकोनी, पानं समोरासमोर. सासूबाई म्हणतात, ही रानतुळसच; यंदा काळ्या मसाल्यात वाळवून घालू. चालेल का? बांधाला लागूनच डाळिंबाची बाग आहे.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, यंदा मसाला नेहमीसारखाच करा.

चौकोनी खोड आणि समोरासमोर पानं ही तुळशीच्या कुळाची खूण खरी, पण घाणेरीचंही तसंच असतं. तिच्याही पाल्याला उग्र वास येतो. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे तेव्हा ‘मॅडम, रानतुळस’ म्हणून मुलं घाणेरीच्या फांद्या आणून टेबलावर ठेवत. हा पाला पोटात गेला की गुरांचं यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलवटते.

तेव्हा आधी बांधावर जाऊन नीट बघा. घाणेरीचं पान किसणीसारखं खरखरीत, खोडावर बहुधा वाकडे बारीक काटे (काही झुडपांना नसतातही), फुलांच्या एकाच गुच्छात पिवळा, नारिंगी, गुलाबी असे रंग, आणि पिकलेलं फळ काळं. रानतुळशीच्या अंगावर लव, फुलं बारीक जांभळी, बी पाण्यात टाकलं की सब्जासारखं फुगतं. चाखून मात्र बघू नका. ‘शेळी खाते, मग आपल्याला काय होतंय’ हेही नको. शेळी रुईसुद्धा ओरबाडते. उकळल्यानं विष जातं हा समज तर सगळ्यात वाईट. धोतऱ्याचं विष उकळूनही जात नाही.

समजा, ती रानतुळसच निघाली. आपल्याकडे जिला रानतुळस म्हणतात ती बहुतेक वेळा मूळची अमेरिकेतली, रस्त्याकडेला पसरलेली. मेक्सिकोत तिचं बी भिजवून पितात. पाला मात्र औषधाला, डास पळवायला वापरतात. रोजच्या आमटीत जाणाऱ्या मसाल्यात मी तो घालणार नाही. शिवाय तुमचा बांध! डाळिंबावर तेल्या रोगासाठी, किडीसाठी सारख्या फवारण्या चालतात, तुषार वाऱ्यानं बांधावर येतात आणि धुऊन सगळं निघतंच असं नाही.

वासावर भिस्त ठेवू नका असं मी म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. पिवळ्या धोतऱ्याचं (हा धोतऱ्याहून वेगळा) बी मोहरीसारखंच दिसतं. त्याचं तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं आणि 1998 साली दिल्लीत माणसं सुजली, दगावली. नाकाला आधी काही कळलं नाही.

ओव्याचा वासच हवा असेल तर पानओव्याची कांडी कुंडीत खोचा. सोलापूरच्या उन्हात थोडी सावली द्या, पाणी बेतानं. त्या पानांची भजी सासूबाईंनाही आवडतील.

झुडपाची खात्री करायची असेल तर फुलासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. नुसत्या पानावरून नाव सांगायला मीही धजत नाही. आणि घरात कुणी तो पाला आधीच खाल्ला असेल, उलट्या किंवा गरगर होत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच झुडपाची फांदी सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा.