जुन्या अर्धा इंची लाइनला मिमीतला नवा पाइप कसा जोडायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की घरातली जुनी जीआय (जस्ताचा लेप दिलेली लोखंडी) लाइन अर्धा इंची, नवा पीपीआर (तापवून जोडायचा प्लास्टिकचा) पाइप 20 मिमीचा, आणि अर्ध्या इंचाचे तर 12.7 मिमी होतात. मग दोघं जुळणार कसे?

आधी तो 12.7 चा आकडा डोक्यातून काढून टाका. व्हर्नियर (बारीक मोजमापाची पट्टी) लावून बघा, त्या पाइपवर 12.7 मिमी कुठेच भरणार नाही. अर्धा इंची जीआय पाइप बाहेरून साधारण 21.3 मिमी भरतो आणि आतून 16 च्या आसपास. अर्धा इंच हे आता नुसतं साइजचं नाव उरलंय. पीपीआरचे 20 मिमी मात्र खरोखरच बाहेरचा व्यास असतो.

या दोघांची गाठ आट्यांवर पडते. पाइप मिमीत गेले तरी आटे इंचातच राहिले. बीएसपी (ब्रिटिश मापाचे पाइपचे आटे) अर्धा इंची म्हणजे बाहेरचा व्यास 20.955 मिमी आणि इंचाला 14 आटे. जुन्या फिटिंगवर हेच आणि आजच्या फिटिंगवरही हेच. म्हणून 20 × 1/2 असं लिहिलेलं, पितळी इन्सर्टचं (आत पितळी आटे बसवलेलं) फिटिंग घ्या. एका तोंडाला पाइप तापवून जोडायचा, दुसऱ्या तोंडाला आटे. नुसत्या प्लास्टिकचे आतले आटे लोखंडी निपलवर (बाहेरून आटे असलेला छोटा पाइप) अजिबात चढवू नका. निपलचे आटे निमुळते असतात, आवळाल तसे ते पाचरीसारखे आत घुसतात आणि सॉकेटला चीर जाते. ती कधी कधी भिंत बंद केल्यावर कळते.

अमेरिकी मापाच्या एनपीटी आट्यांचं फिटिंग हाती आलं तर बाजूला ठेवा. अर्धा इंचात त्याचेही इंचाला 14 च आटे, त्यामुळे सुरुवातीला छान फिरतं. पण आट्यांचा कोन 55 ऐवजी 60 अंशांचा, आणि सांधा गळतो.

साइज घेताना आतलं भोकही बघा. 20 मिमीच्या पीएन 20 (पाण्याच्या दाबाचा दर्जा) पाइपची जाडी 3.4 मिमी, म्हणजे आत उरले 13.2. जुन्या 16 च्या तुलनेत पाण्याची वाट जवळजवळ एक तृतीयांश कमी झाली. लाइन लांब न्यायची असेल तर मी सरळ 25 मिमी वापरतो (आत 16.6) आणि सांध्याला 25 × 1/2 लावतो.

तांब्याचं गणित वेगळं. जुना ब्रिटिश मापाचा अर्धा इंची तांब्याचा पाइप बाहेरून जेमतेम 15.1 मिमी असतो, त्यामुळे 15 मिमीचं कॉम्प्रेशन फिटिंग (नट आवळून आतली पितळी रिंग पाइपवर दाबणारं) त्यावर तसंच बसतं. एक इंचीला 28 मिमीचं चालतं. पाऊण इंची मात्र सुमारे 21.5 मिमी, तिथे 22 च्या फिटिंगमध्ये पाऊण इंची पितळी रिंग घालावी लागते. 22 चं सोल्डरचं फिटिंग त्यावर नको, फट मोठी राहते. आणि तांबं थेट जीआयला भिडवू नका, मधे पितळी फिटिंग असू द्या. पाणी तांब्यातून पुढे जीआयमध्ये जात असेल तर जीआय लवकर खाल्ला जातो.

खोलताना दोन पाइप पाने हवेतच. एकाने भिंतीतला पाइप धरून ठेवायचा, दुसऱ्याने फिटिंग फिरवायचं. एकाच पान्याने जोर लावलात तर तो भिंतीच्या आत, गंजून पातळ झालेल्या आट्यांवर जातो आणि ते तिथेच तुटतात. बाहेरचे आटे तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करा. टेफ्लॉन टेप आट्यांच्या तोंडाकडून बघत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, नाहीतर फिटिंग चढवताना ती उलगडत जाते.

काम सुरू करण्याआधी घराचं अर्थिंग त्या जीआय लाइनवर तर घेतलेलं नाही ना, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. मधे प्लास्टिक आलं की ते अर्थिंग तुटतं, आणि नळाला पाणी तर व्यवस्थित येतच असतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.