गॅरेजात चालू, घाटात बंद

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे १५० सीसीची कार्बोरेटरवाली बाईक आहे, दहा वर्षं जुनी. मी साखरप्याला राहतो, कामासाठी कोल्हापूरला वरचेवर जावं लागतं. सकाळी घरून एका सेल्फमध्ये चालू होते, आंबा घाट मस्त चढते, वाटेत मिसिंग नाही काही नाही. पण वर चहाला थांबलो आणि दहा मिनिटांनी निघायला गेलो की चालूच होत नाही. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. अर्धा तास गेला की एकदम चालू. कधी कधी उतारावर ढकलून गिअर टाकला की पण होते. आणि हे दरवेळी होत नाही, म्हणून तर जास्त वैताग आहे. मेकॅनिककडे नेली की पहिल्या सेल्फला चालू, तो म्हणतो गाडीत काहीच नाही. आतापर्यंत प्लग बदलला, बॅटरी नवीन टाकली, कार्बोरेटर दोनदा साफ केला. गणपतीच्या आधी टॅपेटचा (इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचा) आवाज येत होता म्हणून ते पण टाईट करून घेतले. आता सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदला म्हणतोय. बदलू का?
(एक वाचक, साखरपा)

उत्तर: भाऊ, सीडीआयचे पैसे आत्ता घालू नका. आधी तुमच्याच पत्रात काय काय आलंय ते बघू. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरीचा दोष कधी नव्हताच. चालताना गाडी बंद पडत नाही, अख्खा घाट चढून जाते, म्हणजे पेट्रोल पुरेसं येतंय. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असतं तर चढावरच दम तोडला असता, थांबल्यावर नाही. दोष दिसतो तो फक्त इंजिन तापून उभं राहिल्यावर. गाडी चालत असते तोवर वारा लागत असतो, बंद केली की वारा थांबतो आणि आतली उष्णता बाहेर पसरते, त्यामुळे बंद केल्यावरची पहिली काही मिनिटं इंजिनाच्या आजूबाजूच्या वस्तू चालतानापेक्षाही जास्त तापतात. तुमचा चहा नेमका त्याच वेळात होतो.

गॅरेजात गाडी थंड होऊन पोचते, मग मेकॅनिकला तरी काय दिसणार? असला दोष गाडी चालू होत नसते तेव्हाच पकडायचा असतो, आणि तिथे तुम्हीच असता. म्हणून टूलकिटमध्ये एक चांगला जादा प्लग आणि प्लग पाना ठेवा. पुढच्या वेळी गाडी अडली की सेल्फ मारत बसू नका. गाडी न्यूट्रलला घ्या, इंजिनाला बसवलेला प्लग तसाच राहू द्या, फक्त त्याची कॅप काढा आणि कॅपमध्ये हा जादा प्लग खोचा. प्लगचा लोखंडी भाग इंजिनाच्या उघड्या धातूला, रंग नसेल अशा जागी, नीट टेकवा आणि सेल्फ मारा. प्लग हातात धरू नका, झटका जोरात बसतो, रबरी मूठ असलेल्या पकडीने धरा. उन्हात ठिणगी दिसत नाही, अंगाची सावली करा. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको.

ठिणगी निळी, टकटक आवाज करत, दरवेळी येत असेल तर करंटची बाजू ठीक आहे आणि माझा पहिला संशय तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेल्या टॅपेटवर जातो. व्हॉल्व्हची, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या झडपेची, दांडी तापली की लांब होते, त्यासाठी टॅपेटमध्ये बारीक फट सोडलेली असते. बऱ्याच १००-१५० सीसी गाड्यांत ती ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आवाज घालवायला ती फट मारून टाकली की इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं, सेल्फ फिरत राहतो पण इंजिन पकडत नाही, आणि ढकलून जोरात फिरवलं की पकडतं. तुमचं नेमकं हेच होतंय. हे तिथेच तपासता येतं: किक हाताने हळू दाबून बघा, थंड गाडीला किक जिथे अडते ती जागा गरम गाडीत हलकी लागली तर समजा, टॅपेटच. (थंडपणी एकदा दाबून बघून ठेवा, नाहीतर फरक कळणार नाही.)

टॅपेट परत सेट करायचे ते इंजिन पूर्ण थंड असताना, रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी. मॅग्नेटची (इंजिनाच्या बाजूला फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाची) टी खूण खिडकीतल्या खाचेसमोर आणायची, पण कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर, दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) मोकळे हलले पाहिजेत. मग फीलर गेजची (फट मोजायची बारीक पट्टी) पाती स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये घालायची, ती किंचित अडखळत सरकली पाहिजे. नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पाती परत घालून बघायची. नुसत्या बोटाच्या अंदाजाने सेट करणाऱ्याला गाडी देऊ नका, गेज घेऊन बसणारा माणूस शोधा. टॅपेट थोडे वाजले तरी चालतील. टाईट टॅपेटवर गाडी चालवत राहिलात तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, कारण तो आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकल्यावरच सोडतो, आणि मग हेड उघडायचा खर्च येतो.

ठिणगी चांगली, किकही नेहमीसारखी जड, पण पेट्रोलचा वास मारतोय, असं असेल तर गरमीने कार्बोरेटरमधून जास्तीचं पेट्रोल आत गेलंय. चोक अजिबात नको, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून सेल्फ मारा, पाचेक सेकंदांत पकडेल.

आता ठिणगीच नसेल तर. मग माझा संशय पिकअप कॉइलवर, ठिणगी कधी पाडायची ते सीडीआयला कळवते ती, काही जण पल्सर कॉइल म्हणतात. ती मॅग्नेटच्या कव्हरमध्ये इंजिनाच्या गरमीत बसलेली असते, आत केसासारखी बारीक तांब्याची तार असते, तिला तडा गेला की तापल्यावर तार सुटते आणि गार झाली की परत टेकते. साधा मल्टिमीटर घ्या, थंडपणी तिच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजून लिहून ठेवा आणि गाडी अडेल तेव्हा तिथेच परत मोजा. तापल्यावर आकडा थोडा वाढतोच, पण मीटरने एकदम ओपन (म्हणजे तार तुटलेली) दाखवलं तर चोर सापडला. टाकीखालच्या इग्निशन कॉइलचंही असं होतं, तिच्यावर ओला फडका दोन-तीन मिनिटं ठेवा, लगेच ठिणगी आली तर ती बदला. सीडीआय बहुतेक गाड्यांत सीटखाली किंवा साईड पॅनलमागे, इंजिनापासून लांब असतो, म्हणून तुमच्या केसमध्ये त्याचा नंबर शेवटचा.

माझं मत विचाराल तर आधी टॅपेट करून घ्या, कारण खर्च सगळ्यात कमी आणि संशय सगळ्यात जास्त तिथेच आहे.

प्रश्न: माझी बीएस-६ बाईक आहे, एफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली). कधी कधी सेल्फचं बटण दाबलं तर काहीच होत नाही, लाईट, हॉर्न सगळं चालू असतं. चार-पाच वेळा दाबलं की अचानक चालू. पावसाळ्यापासून जास्त झालंय. बॅटरी गेली का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, बटण दाबताना कान देऊन ऐका. 'टक' असा आवाज येऊन इंजिन फिरत नसेल तर रिले (मोटरला करंट सोडणारा स्विच) काम करतोय पण मोटरला करंट पुरत नाहीये. बॅटरीचे टर्मिनल काढून, घासून, घट्ट बसवा आणि मीटर लावा: उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवं, सेल्फ मारताना १० च्या बरंच खाली पडत असेल तर बॅटरी थकलीय. गाडी चालू असताना रेस दिल्यावर १४ च्या आसपास येत नसेल तर बॅटरी बदलूनही उपयोग नाही, चार्जिंग बघावं लागेल.

पण तुम्ही काहीच होत नाही म्हणताय, म्हणजे टकसुद्धा नाही, आणि पावसाळ्यापासून, म्हणून मला साईड स्टँडच्या किंवा क्लचच्या स्विचचा संशय आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत गाडी गिअरमध्ये असताना स्टँड खाली असेल किंवा क्लच दाबला नसेल तर सेल्फ लागतच नाही. स्टँडचा स्विच अगदी खाली असतो, चिखल बसला की स्टँड वर घेतला तरी गाडीला तो खालीच वाटतो. पाण्याने धुऊन, वाळवून, स्टँड दहा-पंधरा वेळा वरखाली करा. पुढच्या वेळी अडली की गाडी न्यूट्रलला घेऊन, क्लच पूर्ण दाबून मगच बटण दाबा, आणि डॅशबोर्डवर स्टँडचा दिवा लागलाय का तेही बघा. किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच) पण दोन-चारदा चालू-बंद करा, तिथेही ओल धरते.

प्रश्न: हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की माझी गाडी बंद पडते, सरळ केलं की चालू होते. काय असेल?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: हँडलच्या मानेजवळ वायरिंग रोज दुमडतं, तिथे एखादी वायर आतून तुटलीय, बहुतेक किल्लीच्या स्विचची, बाहेरून प्लास्टिक अख्खं दिसतं म्हणून कोणाला सापडत नाही. गाडी न्यूट्रलला चालू ठेवा, हँडल सरळ, आणि मानेजवळच्या वायरी एकेक करून हलक्या हाताने ओढा, जी ओढल्यावर इंजिन दचकेल ती वायर. तेवढा तुकडा कापून नवीन वायर सोल्डर करून घ्या आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल इतकी ढील ठेवायला सांगा, नुसती पिळून टेप मारली तर तीच वायर तिथेच परत तुटेल.