स्वतःला माफ केलं, तर मी ढिला पडेन ना?

चर्चच्या मंडळीतले पुरुष समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा हा प्रश्न हटकून निघतो. एका अनुभवातून उत्तर देते. ओळख बदलली आहे.

अहिल्यानगरकडचे पंचेचाळिशीचे गृहस्थ, एमआयडीसीत सुपरवायझर. मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहिले, त्याने हप्ते थकवले आणि मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडावी लागली. घरात कुणी चकार शब्द काढला नाही. हे गृहस्थच रोज रात्री स्वतःला फाडून खात.

"प्रार्थनेत काय म्हणता?"

"मी नालायक आहे, हेच. पापी माणसाने दुसरं काय म्हणावं?"

"मग प्रभू काय म्हणतो?"

"ते ऐकायला मी थांबतच नाही, मॅडम. आमेन म्हणतो आणि उठतो."

पुढच्या भेटीत मी त्यांना बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय मोठ्याने वाचायला लावला. येशूचा शिष्य पेत्र याने प्रभूशी असलेली ओळख तीनदा नाकारली, तेव्हा पेत्र कोळशाच्या विस्तवापाशी शेकत होता. येशूच्या पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचाच विस्तव, वर मासळी. "या, न्याहारी करा" इथे त्यांचा आवाज अडकला. कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "जाब नाही विचारला. आधी खाऊ घातलं."

मी त्यांना पुढे वाचू दिलं. "माझ्यावर प्रीती करतोस काय?" हे प्रभू तीनदा विचारतो आणि प्रत्येक उत्तरावर मेंढरांची, म्हणजे आपल्या अनुयायांची, जबाबदारी सोपवतो. दयेने पेत्र ढिला पडला नाही, कामाला लागला. समुपदेशनात मला हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे: धिक्काराने माणूस तोंड लपवतो, मायेने चूक निस्तरायला उठतो. "पुरुषासारखा पुरुष असून रडतोस?" ऐकत वाढलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. या गृहस्थांनी शरमेपोटी टाळलेलं बोलणं केलं. मेहुण्यासोबत बसून परतफेडीचे हप्ते ठरवले, मुलीलाही स्वतः सांगितलं.

तुमचंही असंच होत असेल, तर कबुली दिल्यावर लगेच उठू नका. बायबलमधलं स्तोत्र 103 सावकाश वाचा. देव "आमची प्रकृती जाणतो" तिथे थांबा. दिवसा स्वतःला शिवी हासडाल, तेव्हा विचारा: मंडळीतल्या एखाद्या पोराला मी हे तोंडावर म्हणेन का? त्याला जे म्हणाल, तेच स्वतःला म्हणा. पाळकांशी मोकळेपणाने बोला. झोप उडाली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. औषध घेतल्याने विश्वास कमी पडला असं होत नाही.