आनंद बाजार, बाराबंदी आणि पुठ्ठ्याचा माग

ताई, माझा मुलगा तिसरीत आहे. शाळेत आनंद बाजार होता, मी तीनशे रुपयाचं सामान घालून शेंगाचटणी, कडक भाकरी, लिंबू सरबत सगळं करून दिलं. हा पठ्ठ्या संध्याकाळी ११० रुपये घेऊन आला! मित्रांना फुकट वाटलं म्हणे, थोडं स्वतः खाल्लं. जाऊबाईच्या मुलीला दोनशे रुपये फायदा झाला, ती सगळ्यांना सांगत फिरायली. ह्यात शिकणं काय झालं?
*एक आई, अक्कलकोट रोड*

आधी एक सांगा, जाऊबाईच्या मुलीच्या टेबलामागं कोण बसलं होतं? मी विचारतेय कारण माझ्या लेकीच्या बाजाराला मीच मागं स्टूल टाकून बसले होते. सुट्टे पैसे मी मोजले, गिऱ्हाईक मी बोलावलं, लेक नुसती नऊवारी नेसून फोटोपुरती उभी. नफा झक्क झाला आणि तिला विचारलं एका पुडीमागं किती सुटले तर माझ्याकडंच बघायला लागली. तुमच्या मुलानं निदान स्वतः तोटा तरी केला की!

आता रागवू नका, एक कागद घेऊन त्याच्यासोबत बसा. ३०० मधनं ११० गेले, राहिले १९०. हे १९० कुठं गेले ते त्यालाच शोधू द्या... किती पुड्या वाटल्या, किती खाल्ल्या, उधारी कुणाकडं आहे (असणारच, तिसरीतली पोरं उधारी लई सहज देतात), सुट्टे देताना कुठं चुकलं का, आणि उरलेला माल डब्यात परत आला असेल तर तो तोटा नाही, तो वेगळा लिहायचा. मित्रांना वाटलं त्याला पण तोटा म्हणू नका, 'वाटलं' असा वेगळा रकाना करा. तो रकाना बघून पुढच्या वर्षी किती वाटायचं ते तोच ठरवेल.

आणि पुढच्या वेळी तीनशेचं सामान घालू नका हो. पन्नास रुपये हातात द्या आणि लक्ष्मी मंडईत घेऊन जा. शेंगदाणे त्यानंच घ्यायचे, भाजताना तुम्ही गॅसपाशी उभ्या राहा, बाकी सालं काढणं, खलबत्त्यात कुटणं त्याचं काम. चटणी मिक्सरला लावू नका, कुटल्यावर तेल कसं सुटतं ते त्याला बघायला मिळालं पाहिजे. मग दहा रुपयाची पुडी ठेवली तर कितव्या पुडीला भांडवल वसूल होतंय हे बाजाराच्या आधीच विचारायचं. पाचव्या, आणि सहाव्यापासनं पुढं जे येईल ते त्याचं, हे त्यालाच बोटं मोजून कळू दे.

नातू दुसरीत. जुलैत दिंडी, वारकऱ्याचा ड्रेस भाड्यानं आणला. जानेवारीत गड्डा (आपली सिद्धेश्वराची यात्रा), शाळेनं बाराबंदी (यात्रेतला बंदांचा पांढरा अंगरखा) मागितली, ती पण भाड्यानं. मधे आणि हुतात्मा व्हायचं, कृष्ण व्हायचं. आमच्या वेळी एवढं नव्हतं. शाळा आहे का नाटक कंपनी?
*एक आजोबा, बाळे*

आजोबा, तुमचं अर्धं बरोबर आहे. भाड्याचा ड्रेस सक्तीचा नको, पांढरा सदरा टोपी चालेल असं पालक सभेत स्पष्ट बोला, चार पालक मान हलवतीलच, सगळ्यांच्याच खिशाला लागतंय ते. पण दिंडी बंद करा म्हणू नका. पंढरपूर आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, जूनमधे शाळा सुरू होऊन पोरं जरा रुळतायत तोवर आषाढी आलेलीच असते.

मला खटकतंय ते वेगळंच. पोराला हुतात्मा करून उभं करतात आणि त्याला सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावं येत नाहीत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. चार पुतळा चौकातनं रोज रिक्षा जाते, एकदा नातवाला उतरवून नावं वाचायला लावा, ड्रेसच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडेल.

गड्ड्याचंही तेच. बाराबंदी घालून फोटो झाला की संपलं. त्यापेक्षा भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला (सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाला) खांद्यावर बसवून न्या, सात नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच काठ्या, त्यालाच मोजू द्या. काठी तोलणारा माणूस पाय कसे टाकतोय, दमला की दुसरा कसा खालून शिरतोय हे बघून पोरगं घरी झाडूवर प्रयोग करणार, करू द्या.

आणि संक्रांतीला अजून एक, फुकटातलं. एक मीटरची काठी गच्चीवर सरळ उभी करा आणि सावली मोजा. बाराला नाही, आपल्याकडं त्या दिवसात सूर्य सगळ्यात वर यायला साडेबारा उलटून जातात. संक्रांतीला ती सावली ८० सेंटिमीटरच्या आसपास भरते, मार्चअखेर २५ च्या जवळ येते. तारीख टाकून भिंतीवर खडूनं रेघा मारत जा. मे महिन्यात एक दिवस सावली पायाखाली गायब होते, तेव्हा शाळेला सुट्टी असते म्हणून हे काम आजोबांचंच.

वाढदिवसाला अख्ख्या वर्गाला चॉकलेट वाटायची फॅशन, ४५ मुलं, काय करू?
*एक वडील, जुळे सोलापूर*

वर्गाला एक गोष्टीचं पुस्तक द्या, पहिल्या पानावर पोराचं नाव त्याच्याच अक्षरात. पोरगं रडलं तर पुस्तकासोबत राजगिऱ्याची वडी, आणि काय.

महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते. शनिवारी दप्तराविना काहीतरी करून घ्यायचं असतं, पण पैसे नाहीत. निम्मी मुलं घरी तेलुगू, काही कन्नड बोलतात. भाषण म्हणलं की गप्प बसतात. सोपं काही सांगाल का?
*एक बाई, पूर्व भाग*

बाई, तुमच्या निम्म्या पालकांकडं जे येतंय ते मला नि तुम्हाला येत नाही, तिथनंच सुरू करा. यंत्रमाग.

एक पुठ्ठा घ्या, वर खाली बोटाबोटाच्या अंतरावर कात्रीनं चिरा द्या, उभा दोरा गुंडाळा, हा झाला ताणा. आडवा दोरा एक वरनं एक खालनं, हा बाणा. कारखान्यातलं टाकाऊ सूत पालकच आणून देतील, मागून बघा. पहिल्या शनिवारी फक्त साधी वीण. दुसऱ्या शनिवारी चौकटीच्या वहीत फूल काढायचं, रंगवलेली चौकट म्हणजे दोरा वरनं, मोकळी म्हणजे खालनं. जेकार्डच्या मागावर चादरीचं फूल असंच येतं, मागाला लावलेल्या नक्षीच्या पुठ्ठ्याला भोक असेल तर उभा धागा उचलायचा, नसेल तर नाही. चौथीच्या पोराला हे कळतं, माझ्या नवऱ्याला दोनदा सांगावं लागलं.

मग कुणाच्यातरी वडलांना अर्धा तास बोलवा. ड्युटी असेल तर आजीला, आजी जास्त बोलते. तेलुगूतच बोलू दे, पोरं मराठीत सांगतील तुम्हाला, त्या दिवशी गप्प बसणारी पोरंच दुभाषी. फळ्यावर लिहा, मराठी दोरा, कन्नड दार, तेलुगू दारम. मग 'अजून असे शब्द शोधा' म्हणून सोडून द्या, सोमवारी वीस घेऊन येतील.

मधेच कुणीतरी म्हणेल की पुस्तकात क्यूआर कोड आणणाऱ्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० मधे जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तुम्ही पण क्यूआर कोड करा. हो म्हणा आणि पुठ्ठे कापा.

विणलेली पट्टी मधे आवळून डमरूसारखी होणारच, तुम्ही नीट करून देऊ नका. तशीच घरी जाऊ द्या, वडील बघितल्या बघितल्या सांगतील, बाणा लई ओढलास म्हणून.