मावा सोडताना मेंदूत काय होतं

विश्रामबाग, सांगली

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

'मॅडम, मावा खाल्ला की डोकं चालतं, नाही खाल्ला तर पुस्तक उघडवत नाही, मग तो वाईट कसा?' तंबाखू, सुपारी आणि चुन्याच्या त्या माव्याबद्दलचा हा तुझा प्रश्न मला मनापासून आवडला. 'वाईट आहे, सोड' म्हणणारे तुला पुष्कळ भेटले असतील. तू जीवशास्त्राचा विद्यार्थी आहेस, म्हणून आत काय घडतं ते सगळं लिहिते.

शास्त्रज्ञ ऑटो लोवींचा प्रयोग तुला आठवत असेल. १९२१ साली त्यांनी बेडकाच्या हृदयाकडे जाणारी व्हेगस नस चेतवली, तसे ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचं द्रावण त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिलं, तर त्याचेही ठोके मंदावले. म्हणजे नस निरोप पोचवते तो रसायन सोडून. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलिन. त्याबद्दल १९३६ साली लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं.

आता तुझी पुडी उघडू. अ‍ॅसिटिलकोलिनचे ग्राही, म्हणजे ते जिथे बसतं त्या पेशीवरच्या जागा, दोन जातींचे असतात, निकोटिनिक आणि मस्कॅरिनिक. तंबाखूतलं निकोटीन पहिल्या जातीवर बसतं, सुपारीतलं अरेकोलिन दुसऱ्या जातीवर. बेडकाच्या हृदयातले होते ते दुसऱ्या जातीचे. म्हणजे एकाच निरोपाची दोन्ही दारं मावा एकदम उघडतो. आणि चुना? त्यानं तोंडातला रस अल्कधर्मी होतो आणि निकोटीन गालाच्या अस्तरातून झपाट्यानं रक्तात उतरतं. म्हणून चुन्याशिवाय कुणी तंबाखू मळत नाही.

खरी मेख पुढे आहे. शरीराचं स्वतःचं अ‍ॅसिटिलकोलिन काम झालं की एक विकर (एन्झाइम) काही मिलिसेकंदांत तोडतं. निकोटिनला ते विकर तोडू शकत नाही. ते ग्राहींवर रेंगाळतं, ग्राही बधिर होतात आणि मेंदू भरपाई म्हणून आणखी ग्राही उभे करतो. रक्तातलं निकोटीन दर दोनेक तासांनी निम्मं होत जातं, म्हणजे रात्रभरात बहुतेक ओसरतं. सकाळी अभ्यासिकेत बसतोस तेव्हा हे वाढलेले ग्राही रिकामे असतात. चिडचिड, अस्वस्थपणा, एकच ओळ चारदा वाचणं हे सगळं त्यातून येतं. मग तू बार भरतोस आणि डोकं 'चालायला' लागतं. पण चालतं म्हणजे कुठवर? मावा न खाणारा तुझ्या शेजारचा मुलगा जिथे सकाळपासून बसलाय, जवळपास तिथवरच. निकोटिननं लक्ष थोडं वाढतं हे खोटं नाही, पण रोज खाणाऱ्याला जे जाणवतं त्यातलं बरंचसं मावाच निर्माण करतो आणि मावाच मिटवतो. खेडोपाडी मिसरी लावल्याशिवाय ज्या आज्यांचा दिवस सुरू होत नाही, त्यांचंही हेच.

दुसरी गोष्ट तलफेची. मध्यमेंदूतल्या व्हेंट्रल टेगमेंटल भागातून न्यूक्लियस अक्युम्बन्स या भागाकडे डोपामिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाचा मार्ग जातो. निकोटीन तो जागा करतं. डोपामिनला लोक आनंदाचं रसायन म्हणतात, ते मला पटत नाही. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या कामात दिसलं की, सवय झाल्यावर डोपामिनच्या पेशी बक्षिसाचा फळरस मिळाल्यावर नव्हे, रस मिळणार अशी खूण दिसल्यावरच पेटतात. म्हणून कॉलेजच्या कोपऱ्यावरची टपरी दिसली, पुडी घासण्याचा आवाज आला की तुझ्या तोंडाला पाणी सुटतं. यात तुझं मन कमकुवत असण्याचा काही संबंध नाही. शिवाय थांब म्हणणारा मेंदूचा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो, त्यामुळे तुझ्या वयात ही खूण जास्त घट्ट बसते.

आता सोडायचं कसं. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. त्रास साधारण दोन ते चार आठवड्यांत उतरतो. तलफेची एकेक लाट काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात उठून पाणी पी, गॅलरीत फेऱ्या मार. धूम्रपान सोडलेल्यांच्या मेंदूचे स्कॅन सांगतात की, वाढलेले ग्राही ६ ते १२ आठवड्यांत पूर्वपदावर येतात. म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरुवात करू नकोस, दिवाळीच्या सुटीत कर. पहिला महिना त्या टपरीवरून जाऊ नकोस, लांबचा रस्ता धर. निकोटिनचं च्युइंगम मिळतं, डॉक्टरांना विचारून घे. १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. फोन करायला लाजू नकोस.

आणि दारूचं तू मित्राबद्दल विचारलंस. तिथे हा हिशेब लावू नकोस. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक बंद केली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी डॉक्टरकडे ने.

एक राहिलं. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोग करते आणि गालाखाली तंतू धरून तोंड आखडवते. आज रात्री आरशासमोर तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघ. जात नसतील, किंवा तिखट लागलं की तोंडाची आग होत असेल, तर उद्याच सिव्हिलच्या दंतविभागात जा. काय म्हणाले ते मला कळव. एकट्यानं जायला नको वाटलं तर मी येईन.

तुझ्या मॅडम