वाचक विचारतात : सातबारा म्हणतो ४१ आर, मोजणी म्हणते ३९

प्रश्न : नमस्कार काका, आंबेगाव बुद्रुकला आमची वडिलोपार्जित जमीन आहे, सातबाऱ्यावर ४१ आर (एक आर म्हणजे १०० चौमी). मी आणि धाकटा भाऊ मिळून प्लॉट पाडायचं म्हणतोय. आर्किटेक्टने ले-आउट काढून दिला पण तो पालिकेतून परत आला, मोजणीची क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, जोडा म्हणे. मोजणी आणली तर ती भरली ३९ आर ६० चौमी. जवळजवळ दीड गुंठा गेला कुठे? आणि सातबारा सरकारीच कागद आहे ना, मग तो का नाही चालत?

उत्तर : अहो, बहुतेक तो दीड गुंठा कधी नव्हताच. सातबारा सांगतो जमीन कोणाची आणि कागदावर किती, पण बांध कुठून कुठे जातो ते त्यात काही नसतं, ते मोजणीतच कळतं. क प्रत नीट उघडून बघा, हद्दीची रेघ आणि वहिवाटीची (प्रत्यक्ष ताब्याची) रेघ वेगळ्या दाखवल्यात का. वेगळ्या असतील तर शेजारच्यांशी चहा घेत बोलायचा तो विषय आहे, प्लॅनचा नाही.

प्लॅनचं म्हणाल तर कोपऱ्यात जो क्षेत्रफळाचा तक्ता असतो ना, त्याची पहिलीच ओळ बघा. प्लॉटचं क्षेत्र तिथे तीन प्रकारे लिहायचं असतं, मालकीच्या कागदाप्रमाणे, मोजणीप्रमाणे आणि प्रत्यक्ष जागेवर, आणि तिन्हीत जे कमी ते धरायचं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीतच आहे हे, तिथल्या साहेबांच्या मनातलं नाही. म्हणजे तुमचं क्षेत्र ३९६० चौमी, आणि पुढचा एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते) वगैरे सगळा हिशोब ह्याच आकड्यावर.

आता गंमत बघा. ४००० चौमी किंवा जास्तीचा ले-आउट असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ४१ आर धरले असते तर ४१० चौमी बागेत गेले असते, ३९६० ला ती अटच लागत नाही. तेव्हा गेलेल्या १४० चौमीसाठी भांडायला निघण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा जरा. (मुद्दाम क्षेत्र कमी दाखवा असं मी म्हणत नाहीये, जे भरलंय तेच लिहा.)

परत सबमिट करताना जागेवर जे जे आहे ते प्लॅनवर येऊ द्या, विहीर, झाडं, वरून जाणारी वीजवाहिनी, ओढा, पोचरस्त्याची आज आहे ती रुंदी, सगळं. ह्यात मी स्वतः एकदा तोंडावर पडलोय. एप्रिलमध्ये साइट बघितली, कडेला एक कोरडी चर, त्यात बाभळी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या, म्हटलं असेल काहीतरी आणि दाखवलीच नाही. स्थळपाहणी लागली जुलैत. इंजिनिअर साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पलीकडे गेले, परत आले आणि एवढंच म्हणाले, 'हे काय आहे हो?' प्लॅन अख्खा नव्याने काढला, तोही माझ्या खर्चाने.

आतला रस्ता १५० मीटर लांबीपर्यंत किमान ९ मीटर रुंद लागतो, त्यापुढे ३०० पर्यंत १२. आमच्या बैलगाडीला सहा मीटर पुरायचे हे तिथे सांगून उपयोग नाही.

आणि एक, आधी टेंटेटिव्ह, म्हणजे तात्पुरता, ले-आउट मंजूर होतो, मग त्याप्रमाणे जागेवर आखणी करून दगड रोवायचे, भूमी अभिलेखवाले पुन्हा मोजतात, मग फायनल. त्या मधल्या काळात ओळखीचा कोणीतरी कोपऱ्याचा प्लॉट मागायला येतोच, त्याच्याकडून इसार घेऊ नका, कारण दुसऱ्या मोजणीत तो कोपरा रस्त्यात गेला तर पैसेही परत द्यायचे आणि ओळखही जायची.

प्रश्न : प्लॅनवर आमच्या जुन्या गोठ्यावर पिवळ्या तिरप्या रेघा मारल्यात, ते काय? आम्हाला गोठा ठेवायचाय. – एक वाचक, लोहगाव

उत्तर : ताई, सही करू नका अजून! पिवळ्या तिरप्या रेघा म्हणजे पाडायचं बांधकाम. लाल भरलेलं ते नवीन, जाड काळी रेघ म्हणजे प्लॉटची हद्द. ड्राफ्ट्समनने आपलं ठरवून टाकलं असेल की गोठा जाणार. आजच फोन करून सांगा गोठा राहणार आहे, म्हणजे तो अस्तित्वातलं बांधकाम म्हणून दाखवेल. पण त्याचं क्षेत्र मग एफएसआयमध्ये मोजलं जाईल आणि सामासिक अंतरात (हद्दीपासून मोकळी सोडायच्या पट्ट्यात) येत असेल तर त्रुटी निघेल, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.