तळ्याकाठचं वाळकं झाड

अनेक आशीर्वाद.

तुझी सातही रेखाटनं मिळाली. टेबलावर मांडून दोन दिवस पाहते आहे. पाच चित्रांत तेच वाळकं झाड, आणि तीन चित्रांत त्याखाली पाठमोरा माणूस. तुला एकटेपणा दाखवायचा आहे हे पाहताक्षणी कळलं. कळलं, पण जाणवलं नाही, आणि म्हणूनच हे पत्र.

जॉन रॉबर्ट कझन्स या इंग्रज चित्रकाराची आल्बानो सरोवराची जलरंगचित्रं शोधून नीट बघ. रोमजवळचं हे सरोवर म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं पाणी. वर कड्यावर कॅस्टेल गांडोल्फो, पोपचं उन्हाळी निवासस्थान. एवढी मानाची वास्तू, पण कझन्स तिला काठावर एवढीशी ठेवतो आणि मधला पाण्याचा विस्तार मोकळा सोडतो. रंग म्हणशील तर राखाडी, निळा, मंद हिरवा, क्वचित थोडा मातकट. पातळ वॉशवर, म्हणजे पाणी घालून पसरलेल्या रंगावर, बारीक कुंचल्याचे फटकारे देत देत तो डोंगर उभा करतो, त्यामुळे मधली हवासुद्धा जड वाटते. काही चित्रांत माणसं आहेत, शेळ्याही आहेत. तरी नजर त्यांच्यावर ठरत नाही. ती पाण्यावरून पलीकडे जाते आणि परत यायला वेळ लावते. मला त्याचा एकांत सापडतो तो त्या वेळात.

शेजारचं नेमी सरोवरही त्याने काढलं. तिथे डायना या रोमन देवीची देवराई आणि देऊळ होतं, हे लॅटिन शिकलेल्या त्याच्या प्रेक्षकांना पाठ होतं. प्रतीक त्या जागेतच मुरलेलं होतं. तू मात्र ते बाहेरून आणून रोवलंस.

आणि एकांत रंगवायला माणूस एकटाच असावा लागतो, असंही समजू नकोस. १७८२ साली कझन्स दुसऱ्यांदा इटलीला गेला तो विल्यम बेकफर्ड या गडगंज तरुणाबरोबर. सोबत शिक्षक, डॉक्टर, वादक असा सगळा लवाजमा. त्या प्रवासातल्या सात वह्या मँचेस्टरच्या व्हिटवर्थ गॅलरीत आहेत. एवढ्या गर्दीतून चालताना एकांत त्याने कागदावर रचला.

१७९४ मध्ये त्याचं मन ढळलं आणि १७९७ मध्ये, पंचेचाळिशीतच, तो गेला. हे वाचून त्याच्या प्रत्येक ढगात वेड शोधण्याचा मोह होईल. कृपा करून तसं करू नकोस. इटलीची ती चित्रं आजाराच्या कितीतरी आधीची आहेत. ती शांत, सावध हाताची आहेत. आजारी माणसाच्या कामावर असा अन्याय झालेला मला सहन होत नाही.

त्याच्यावर उपचार करणारे डॉ. मन्रो चित्रांचे शौकीन होते. त्यांच्या घरी संध्याकाळी विशीच्या आसपासचे टर्नर आणि गर्टिन हे चित्रकार कझन्सची रेखाटनं उतरवत बसत. गर्टिन बाह्यरेषा काढी, टर्नर वॉश भरी.

तूही आठवडाभर तेच कर. रोज एक प्रत, आणि फक्त राखाडी व निळा. मग तुझ्या तळ्यावर जा. वाळकं झाड तिथे खरोखर असेल तर जरूर काढ. पण जिथे आहे तिथेच, आणि आधी पाणी. फसलेले कागदही पाठव.

तुझ्या बाई